भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूला

५ सप्टेंबर

प्रिय आई,

सुखरूप पोचलो. खोली मिळाली. खिडकी आहे, खिडकीला कडी नाही, म्हणून मी मोजा अडकवून ती बंद करतो. खालच्या मजल्यावर खानावळ आहे आणि स्वयंपाकी मला पहिल्या दिवसापासून "बारक्या" म्हणतो. तू मला ठोंब्या म्हणतेस हे त्याला सांगितलेलं नाही.

धरण बघून मी खुळ्यासारखा उभाच राहिलो. दोन डोंगरांच्या मधे ही एवढी करडी भिंत. पायथ्याशी इतकी जाड की आत आपली अख्खी गल्ली मावेल, वर मात्र दोन गाड्या जेमतेम एकमेकींना वाट देतील. मी इथल्या एका अभियंत्याला विचारलं, एवढं पाणी हे अडवतं तरी कसं? तो म्हणाला, "कसलीही युक्ती नाही. नुसतं वजन. पाणी ढकलत राहतं आणि हे आपलं बसलेलं असतं." मला एकदम मोठी आत्या आठवली. लग्नाच्या हॉलमधे पहिल्या रांगेत बसली की चौघांच्यानेही उठायची नाही. तेव्हापासून मी या धरणाला मनात आत्याच म्हणतो. आत्याच्या पायाशी विजघर आहे, तिथे चार यंत्रं गरगरतात.

मी इथे नोंदी ठेवायच्या कामावर आहे. पाण्याची पातळी, दरवाजे किती उघडले, असलं सगळं. तळमजल्यावरचं कार्यालय, टेबल, खुर्ची. हेडक्लार्क वयस्कर आहेत, कडक आहेत, पण माणूस सोन्यासारखा. काळजी करू नकोस.

तुझा,
ठोंब्या


१४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, त्यामुळे लाल पेन हातात घेतल्याशिवाय मला काही वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. सगळ्या चुका सांगत नाही. एकच सांगते. "विजघर" नव्हे, "वीजघर". विजेवर पोट भरणाऱ्या माणसाने निदान वीज तरी दीर्घ लिहावी.

शिवाय "मी इथे" या शब्दांच्या पुढे तू काहीतरी खोडलं आहेस. असं खोडलं आहेस की कागदाला भोक पडलं. काय होतं तिथे?

शेजारीण म्हणते, एवढं पत्र पत्र काय करत बसता, मुलाला फोन करा. मी तिला म्हटलं, फोनवर माणूस काय लपवतोय ते दिसत नाही. कागदावर दिसतं.

माझं बरं चाललं आहे. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने मी वाणसामानाच्या पुड्यांचे कागदसुद्धा तपासले. आता ठरवलं, पुरे. सकाळी सहाला एक वाचनवर्ग निघाला आहे, मोठ्याने वाचायचा. त्यात नाव घातलं. घरापासून वीस मिनिटं चालत.

आत्याला धरणाचं सांगितलं नाही. सांगेन तेव्हा तू गावात नसावास.

तुझी,
आई


३० सप्टेंबर

प्रिय आई,

तिथे "मुख्य" लिहिलं होतं. मग वाटलं, मी कुठला मुख्य, म्हणून खोडलं. एवढंच.

वाचनवर्गाचं ऐकून बरं वाटलं. पण सकाळी सहाला कोण वाचतं?

इथे गारठा सुरू झाला. वर आल्यावर दोन पेले गरम चहा घशाखाली गेल्याशिवाय दातांची कडकड थांबत नाही. हेडक्लार्क मला दुसरा पेला संपेपर्यंत बोलू देत नाहीत. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी कामाला हातही लावू देत नाहीत, सरळ खोलीवर पाठवतात. परवा मी म्हटलं, नुसतं नाक चोंदलंय, त्याने काय होतं? तर म्हणाले, "नाक चोंदलेल्या माणसाचे कान आधी जातात." असे आहेत.

भूक मात्र राक्षसासारखी लागते. स्वयंपाकी आता विचारतही नाही, ताटात चौथी पोळी टाकूनच देतो.

काल जलाशयाच्या तळाशी एक झाड बघितलं. धरण व्हायच्या आधीचं, तसंच्या तसं उभं आहे आणि त्याच्या फांद्यांमधून मासे फिरतात, पाखरांसारखे. म्हणजे, फोटोत बघितलं. कार्यालयात फोटो आहे.

तुझा,
ठोंब्या


२१ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

फोटो चांगला असणार. जपून ठेवा म्हणावं.

मी केस कापले. मानेपर्यंत. शेजारणीने तोंडावर हात ठेवला, पण काय करणार, सकाळी वाळायला वेळ लागत होता आणि डोकं दुखत होतं. आता आरशात कोणीतरी दुसरीच बाई दिसते आणि मला ती आवडते.

वर्ग चांगला चालला आहे. पहिला आठवडा मी नुसती कडेला बसून होते, मला जमणार नाही असं म्हणत. बाकीच्या दोघी भराभर पुढे गेल्या. पण आमचे सर फार धीराचे. "घाई नाही, बाई. श्वास कोंडू नका, सोडा. मान सैल. सगळं आपोआप होतं." असं रोज म्हणतात. मोठ्याने वाचताना श्वासाचं फार महत्त्व असतं.

परवा गंमत झाली. सरांनी माझा हात धरला होता, तो त्यांनी मधेच सोडून दिला आणि मला कळलंच नाही! मी आपली पुढे. कळलं तेव्हा इतकं हसू आलं की नाकातोंडात. असो.

घरी येते तेव्हा इतकी भूक लागलेली असते की उभ्यानेच खाते. मी, उभ्याने!

तुझी,
आई


५ नोव्हेंबर

प्रिय आई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

वाचनवर्गात हात धरतात हे मला माहीत नव्हतं. तू केस कापलेस. तू हसतेस. तू सकाळी सहाला घराबाहेर पडतेस, जी तू मला शाळेत असताना साडेसहाला उठवताना स्वतः डोळे मिटून उठवायचीस. मी ठोंब्या असेन, पण एवढाही नाही.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तू एकटीने सगळं ओढलंस. तुला कोणाची सोबत मिळत असेल तर मला आनंदच आहे. लोक काय म्हणतील त्याची फिकीर करू नकोस. आत्या काय म्हणेल त्याची थोडी करावी लागेल, पण मी येऊन बोलेन तिच्याशी. सर निर्व्यसनी आहेत ना, एवढंच कळव.

इथे काम वाढलं आहे. धरणाच्या पोटात एक लांब बोगदा आहे, त्याला गॅलरी म्हणतात. भिंतीतून जे थोडं पाणी पाझरतं ते तिथे नालीत जमतं आणि रोज मोजलं जातं. थोडं पाझरणं चालतं, सगळ्याच धरणांत असतं. पण मिनिटाला चाळीस लिटर यायचं ते महिन्याभरात तीनशेवर गेलं आहे. भिंतीच्या दोन काँक्रीट ठोकळ्यांच्या मधल्या सांध्यात रबरी पट्टी असते, ती कुठेतरी फाटली असावी. कुठे, ते सापडायला हवं. वर्ष संपेपर्यंत सापडलं नाही तर जलाशय निम्मा सोडून द्यायचा आणि वीजघर चार महिने बंद, असं ठरलं आहे. त्यामुळे आम्हा कारकुनांनाही उसंत नाही. पत्राला उशीर झाला तर घाबरू नकोस.

तुझा,
ठोंब्या


१३ नोव्हेंबर

चि. ठोंब्या,

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. शेजारीण भांडं टाकून धावत आली. तिला काय सांगू?

सर निर्व्यसनी आहेत. सकाळी पेलाभर दूध पितात. मात्र पुढचं काही ठरवायचं झालं तर त्यांच्या आईची परवानगी काढावी लागेल, एवढंच आत्ता सांगते. पण तू जे लिहिलंस ते मी जपून ठेवलं आहे. त्या पानावर एकही लाल खूण केली नाही. तीन चुका होत्या.

आता दुसरं. नोंदी करताना घाई करू नकोस. वर्ष संपायला आलं म्हणून कोणी कितीही मागे लागलं तरी. हेडक्लार्क जे सांगतील ते आणि तेवढंच करायचं. ते थांब म्हणाले की थांबायचं. चहाचे दोन्ही पेले प्यायचे. सर्दी लपवायची नाही.

पत्र आलं नाही तर मी समजून घेईन.

तुझी,
आई


१९ डिसेंबर

प्रिय आई,

सापडलं! आधी हे, मग बाकीचं. सापडलं, बुजवलं, आणि काल गॅलरीतलं पाणी मिनिटाला पस्तीस लिटर भरलं. कोणीतरी मला खांद्यावर घेऊन नाचवलं, बहुतेक स्वयंपाक्याने.

आता बस. खुर्चीत बस आणि मग पुढचं वाच.

मी कारकून नाही. कधीच नव्हतो. मी पाणबुड्या आहे. तीन वर्षं झाली. आधीची नोकरीसुद्धा बंदराच्या कार्यालयात नव्हती, बंदराच्या पाण्यात होती. पोहायला मी कॉलेजात शिकलो, वसतिगृहातल्या पोरांबरोबर, तुझ्या नकळत. ज्यांना मी हेडक्लार्क म्हणत आलो ते आमचे उस्ताद. चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेला माणूस. मी त्यांना कारकून करून टाकलं आहे हे त्यांना कळलं तर माझं काही खरं नाही.

मामाचं तसं झाल्यापासून तू नदीच्या पुलावरूनही रस्त्याच्या मधून चालतेस, कठड्याकडे बघत नाहीस. मी डबक्यात होडी सोडली तर तू मला बखोटीला धरून आणायचीस. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? पण गेले सहा आठवडे खाली रोज वाटायचं, वर गेलो की आईला लिहायचं. खोटं घेऊन एवढ्या खोल जाणं जड जातं.

काम असं होतं. सकाळी चारही यंत्रं बंद करायची, म्हणजे पाणी कुठेच ओढलं जाणार नाही. मग आम्ही दोघे दोघे भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूने उतरायचो. लांब काठीच्या टोकाला लाल लोकर बांधलेली. ती सांध्यावरून हळूहळू फिरवायची. चीर असेल तिथे लोकर आत ओढली जाते. हात न्यायचा नाही, काठीच न्यायची. पाण्याचा दाब म्हणजे थट्टा नाही, असं उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि नंतर रोज सांगितलं. खाली काळोख, दिव्याच्या उजेडात हातभर भिंत दिसते. त्या भिंतीवर अजून लाकडी फळ्यांचे ठसे आहेत, ज्या फळ्यांच्या मधे काँक्रीट ओतलं त्यांचे. लाकडाच्या रेघासुद्धा दिसतात. कोणा सुताराचं काम कायमचं छापून राहिलं आहे. तुला आवडलं असतं.

पाच आठवडे लोकर नुसती लोंबत होती. वर साहेब लोक तारखा मोजत होते. बाराव्या तारखेला, अठ्ठावीस मीटरवर, माझ्या काठीची लोकर वळवळली आणि गपकन भिंतीत गेली. आई, मी पाण्याखाली ओरडलो! आम्ही तिथे नळीने लाल रंग सोडला, आणि गॅलरीत बसलेला मोजणीदार टेलिफोनवर किंचाळला, "आलं, आलं, नाली लाल झाली!" मग चार दिवस रबर, पोलादी पट्टी, बोल्ट.

एकही खरचटा नाही. सगळी बोटं जागेवर आहेत.

रागाव. पण लिही.

तुझा,
ठोंब्या


२७ डिसेंबर

चि. ठोंब्यास, माझ्या पाणबुड्यास, अनेक अनेक आशीर्वाद.

मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं.

"मी इथे"च्या पुढचा खोडलेला शब्द मी खिडकीशी उजेडात उलटा धरून वाचला. "पाणबु" एवढं स्पष्ट होतं. पाणबु-ने सुरू होणारा आणखी एखादा शब्द मला छत्तीस वर्षांत भेटला असता तर मी तुझ्या "मुख्य"वर विश्वास ठेवला असता. पुढे तर तू काही कष्टच घेतले नाहीस. तळमजल्यावरच्या कार्यालयातून तू "वर" आलास. वर कुठून आलास, बाळा? तळघरातून? आणि सर्दी झाली तर घरी पाठवणारा हेडक्लार्क जगात नाही. मी तीन छापखाने बघितले.

पहिली रात्र मी बसून काढली. दादा नदीत गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि काठावर त्याचा सदरा हातात धरून उभी होते. त्यानंतर मी पाण्याकडे पाठ करून जगले, आणि तुलाही तसंच जगवू बघत होते. सकाळी वाटलं, तुला एका ओळीत परत बोलवावं. तू आला असतास, हेही माहीत होतं. कागद पुढे ओढला, आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. बाबा गेल्यापासून तू मला इतकं आनंदाचं पत्र लिहिलं नव्हतंस. ते खोडायचा अधिकार मला नाही असं वाटलं.

पण मग तू जिथे असतोस ती जागा कशी असते ते मला कळायला हवं होतं. नुसत्या भीतीने काही दिसत नाही.

म्हणून माझा वाचनवर्ग. आता तू बस. खुर्चीत बस.

महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जाते मी. छप्पर असलेला, कोमट पाण्याचा. पहिला आठवडा खरंच कडेला बसले, पाय पोटाशी घेऊन. दुसऱ्या आठवड्यात घोट्यापर्यंत. तोंड पाण्यात घालायला मला अकरा दिवस लागले आणि त्या दिवशी मी बाथरूममधे जाऊन रडले आणि मग हसले. सरांनी हात सोडला तो पाठीवर तरंगताना. वर पत्र्याला एक निळा फुगा अडकला होता, तो बघत होते. कान पाण्यात. सगळ्या जगाचा आवाज बंद. मला वाटलं, अच्छा, माझं पोर यासाठी जातं!

आणि हो, सर. सर तेवीस वर्षांचे आहेत. गळ्यात शिट्टी असते, नाक कायम लाल असतं. तुझी हरकत नाही हे मी त्यांना कळवलं. बिचारे लाजून पाण्यात पडले.

काल मी तलावाची पूर्ण रुंदी पार केली. थांबत, धापा टाकत, बेडकासारखी. पण पार केली.

रागावले नाही. "खरचटा" असा शब्द नाही, "ओरखडा" लिहावं.

तुझी,
आई


४ जानेवारी

आई!

पत्र पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा खानावळीत मोठ्याने वाचलं. "बेडकासारखी" वाचल्यावर स्वयंपाक्याने टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी नुसतं विचारलं, "हेडक्लार्क म्हणजे कोण?" आणि मी टेबलाखाली गेलो.

पंचवीस तारखेला पट्टी तपासायला शेवटची बुडी आहे. ये. उस्ताद म्हणतात, "आईला बोलव, तिला धरण दाखवायचं आहे." मी म्हटलं, ती बघेल? ते म्हणाले, "जी बाई या वयात पाठीवर तरंगली ती काहीही बघेल."

येशील?

तुझा,
ठोंब्या


२९ जानेवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

घरी पोचले. बस वेळेवर, शेजारची बाई बडबडी, डबा पुरला.

तू खाली गेल्यावर वर काय झालं ते तुला माहीत नाही. उस्ताद सांगणार नाहीत, ते तसले नाहीत. म्हणून मी लिहिते.

तू तो पाणबुड्यांचा पितळी टोप डोक्यावर घालून शिडीवरून उतरलास, हात हलवलास, आणि पाण्यावर नुसते बुडबुडे राहिले. मी कठड्याला धरून उभी होते. पाणी काळंभोर आणि गप्प. मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हते. मी पाण्याकडे पाठ फिरवली. उस्तादांनी ते बघितलं, पण धीर-बिर काही दिला नाही. ते म्हणाले, "बाई, इकडे या, काम आहे," आणि तुझ्या कमरेला बांधलेली दोरी माझ्या हातात दिली. स्वतः माझ्या मागे उभे राहून तीच दोरी धरली. "त्याच्या टोपात टेलिफोन आहे," म्हणाले, "पण टेलिफोन बिघडतो. दोरी बिघडत नाही. एक झटका म्हणजे, ठीक आहेस का? तो ठीक असेल तर एक परत देईल."

मी एक झटका दिला.

काहीच नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मग हाताला एक लहानसा हिसका बसला. ठोंब्या, तू जन्मायच्या आधी पोटात लाथ मारायचास ना, अगदी तसा.

मी लगेच आणखी एक दिला. तू परत दिलास. मग मी आणखी एक दिला. उस्ताद म्हणाले, "बाई, मिनिटामिनिटाला विचारलंत तर तो बोल्ट कधी तपासणार?" मी म्हटलं, बरं, आणि पाच मिनिटं गप्प उभी राहिले. खरं सांगते, पूर्ण पाच मिनिटं. मोजणीदाराच्या घड्याळावर बघत होते. पाण्यावर ऊन आलं होतं, समोरच्या डोंगराचं उलटं चित्र पडलं होतं, आणि मी ते बघितलं. पाठ न करता बघितलं.

तेवढ्यात खालून एक झटका आला. मी विचारलेलं नव्हतं. मी घाबरून उस्तादांकडे बघितलं, हे काय? काही झालं का?

ते हसायला लागले. पहिल्यांदाच हसताना बघितलं मी त्यांना. म्हणाले, "काही झालं नाही. आता तो विचारतोय, वर तुम्ही ठीक आहात का?"

मी दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरली आणि एक झटका दिला.

तुझी,
आई